क्षणाचा पाठलाग

गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनीचें पत्र आमच्या हातीं आलें. त्या लिहितात, "माझ्या मुलाला खेळांचे फोटो काढण्याचा छंद आहे. दोन वर्षांपूर्वीं त्याच्या काकांनीं त्याला चांगला कॅमेरा घेऊन दिला. प्रत्येक सामन्याला तो जातो, शेंकडों फोटो काढून आणतो, आणि घरांतील सर्व मंडळी ते पाहून 'छान' म्हणतात. परंतु अलीकडे तो हिरमुसला होऊन म्हणतो कीं, दोन वर्षांपूर्वींच्या आणि आजच्या फोटोंत कांहींच फरक नाहीं. छंद सोडून द्यावा म्हणतो. त्याला काय सांगावें?"

या सदरांत आम्ही बहुधा भाषा, वाचन आणि मुलांचें शिक्षण यांविषयीं लिहितों. तेव्हां कॅमेऱ्याचा प्रश्न आमच्याकडे कां यावा, असें प्रथम वाटलें. पत्र दुसऱ्यांदा वाचलें तेव्हां ध्यानांत आलें कीं, हा प्रश्न कॅमेऱ्याचा नसून शिक्षणाचाच आहे. दुसरें असें कीं, या विषयांत आम्ही स्वतः गेलीं चार वर्षें विद्यार्थी आहों, आणि तेही फारसे हुशार नव्हे. तेव्हां या वेळीं मास्तर म्हणून नव्हे, तर त्या मुलाच्याच वर्गांत मागल्या बांकावर बसणारा एक वयस्क विद्यार्थी म्हणून चार शब्द लिहितों.

चार वर्षांपूर्वीं आम्ही शाळेंतून निवृत्त झालों, त्या दिवशीं आमच्या चिरंजिवांनीं एक कॅमेरा आणून पुढें ठेविला आणि म्हटलें, "नाना, आतां तपासावयाला वह्या नाहींत. हा घ्या, म्हणजे संध्याकाळीं मैदानावर जाण्याला निमित्त होईल." निमित्त आमच्या घरींच होतें. आमची नात शाळेच्या खो-खोच्या संघांत खेळते, आणि तिचे सामने पाहण्याची आम्हांस मोठी हौस. त्याच वर्षीं हिवाळ्यांत तालुक्याच्या स्पर्धा झाल्या. दोन दिवस उन्हांत बसून आम्हीं चारशें छायाचित्रें काढलीं. रात्रीं जेवणें उरकल्यावर माजघरांत सर्व मंडळी जमली, आणि चिरंजिवांनीं तीं चित्रें टी. व्ही.च्या पडद्यावर लाविलीं. वहिनी म्हणाल्या, "छान!" सूनबाई म्हणाल्या, "किती छान आलीं आहेत!" धाकट्या बंधूंनीं "वा!" म्हणून मान डोलाविली. आम्ही मनांतून फुगलों. नात मात्र बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. शेवटीं तिनें हळूच विचारलें, "आजोबा, यांत खो कुठें आहे?"

माजघरांत हंशा पिकला. आम्हीही हंसलों, पण तो प्रश्न जिव्हारीं लागला. रात्रीं एकटेच बसून तीं चारशें चित्रें पुन्हा पाहिलीं, आणि पोरीचें म्हणणें शब्दशः खरें आहे असें दिसून आलें. कोणाची तरी पाठ, कोणाच्या तरी वेणीचें टोंक, उडालेली धूळ, बाद होऊन मैदानाबाहेर चाललेली मुलगी, सर्व कांहीं त्यांत होतें. फक्त ज्या क्षणासाठीं तो खेळ खेळतात तो क्षण कोठेंही नव्हता. प्रत्येक चित्र त्या क्षणाच्या मागून आलेलें! कॅमेरा आम्हीं कपाटांत ठेविला, आणि तो बरेच दिवस तेथेंच राहिला. तेव्हां त्या मुलाचें हिरमुसणें कसें असतें, हें आम्हांस ऐकून माहीत नाहीं, भोगून माहीत आहे.

संक्रांतीच्या दिवशीं आमचा एक जुना विद्यार्थी तिळगूळ घेऊन घरीं आला. तो एका वृत्तपत्रांत वीस वर्षें खेळांचीं छायाचित्रें काढण्याचें काम करीत आहे. चिरंजिवांनीं आमच्या उद्योगाची गोष्ट काढली, चित्रें दाखविलीं, आणि तोही अदबीनें म्हणाला, "छान आहेत, सर." हा 'छान' आमच्या चांगला ओळखीचा होता. शाळा तपासावयास येणाऱ्या साहेबांच्या प्रत्येक सूचनेला आम्ही असाच 'छान' म्हणत असूं! आम्हीं त्याला म्हटलें, "अरे, तुझ्या वह्या मीं तपासल्या. आज माझी वही तूं तपास. भीड धरूं नकोस."

त्यानंतर तो दोन तास बसला. चारशेंपैकीं सात चित्रें त्यानें बाजूला काढलीं, आणि त्यांपैकीं प्रत्येकापाशीं थांबून तेच तीन प्रश्न विचारले. यांत तुम्हांला काय दाखवावयाचें होतें? प्रत्यक्षांत काय दिसतें? आणि या दोहोंमधलें अंतर पुढच्या खेपेस कशानें कमी होईल? पहिल्याच चित्रापाशीं आमची बोबडी वळली, कारण पहिल्याच प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आम्हांस 'खो-खो' दाखवावयाचा होता. पण खो-खो हें कांहीं एक दृश्य नव्हे. खो देणारीचा हात दाखवावयाचा, कीं उठणारीची झेप, कीं हुलकावणी देऊन निसटणारीचे डोळे, हें आम्हीं ठरविलेंच नव्हतें. काय शोधावयाचें तें ज्यानें ठरविलें नाहीं, त्याला तें सांपडावें कसें?

वाचकांच्या मनांत येईल कीं, डोळे उघडे ठेवून मैदानाकडे पाहिलें म्हणजे झालें, त्यांत ठरवावयाचें तें काय? परंतु वेगवान् हालचालीच्या बाबतींत आपले डोळे वाटतात तितके विश्वासू नाहींत. चौखूर उधळलेल्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळीं जमिनीवरून सुटतात कीं नाहीं, हा वाद जुना आहे. घोडा माणसाच्या डोळ्यांसमोर हजारों वर्षें धांवत होता, तरी तो वाद मिटला नव्हता. १८७८ च्या जून महिन्यांत कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें एडवर्ड मायब्रिज यांनीं बारा कॅमेरे एका ओळींत मांडले आणि लेलँड स्टॅनफर्ड यांची घोडी त्यांच्यासमोरून धांवडविली, तेव्हां पाय सुटतात हें सिद्ध झालें. त्यांतली गंमत अशी कीं, पाय सुटलेले असतात तेव्हां ते पोटाखालीं गोळा झालेले असतात. चित्रकार मात्र पिढ्यान्‌पिढ्या पुढचे पाय पुढें आणि मागचे मागें ताणलेला घोडा रंगवीत आले होते! जें सर्वांनीं पाहिलें तें कोणीच नीट पाहिलें नव्हतें. खेळाचीं छायाचित्रें काढणाऱ्यानें हा धडा उंबऱ्यावर लिहून ठेवावा.

आतां थोडें गणित करूं. आमच्या वाचकांस त्याचें वावडें नसावें. खो-खोंतील चपळ मुलगी सेकंदास सहा मीटर धांवते असें धरूं. कॅमेऱ्याची झडप, म्हणजे शटर, सेकंदाच्या साठाव्या भागापुरतें उघडें राहिलें तर तेवढ्या अवधींत ती दहा सेंटिमीटर पुढें गेलेली असते. म्हणजे चित्रांत तिचें नाक अर्धी वीत रुंद होऊन बसतें! अडीचशेंवा भाग घेतला तर हें सरकणें सुमारें अडीच सेंटिमीटरांवर येतें, आणि हजारावा भाग घेतला तर केवळ सहा मिलिमीटरांवर. सूर मारणारीचा हात तर शरीराहूनही वेगानें जातो. आमचीं पहिलीं चित्रें पुसट कां, याचें कारण एवढेंच कीं, आम्हीं सर्व कारभार कॅमेऱ्यावर सोंपविला होता, आणि समोर मुलगी धांवते आहे कीं तुळशीवृंदावन उभें आहे, हें त्या बिचाऱ्याला कसें कळावें?

मात्र अवधि कमी केला कीं प्रकाशही तितकाच घटतो. अडीचशेंव्या भागावरून हजाराव्या भागावर गेलें तर चतुर्थांशच प्रकाश आंत येतो. तो भरून काढण्यासाठीं भिंगाचें तोंड अधिक उघडावें लागतें, किंवा आय. एस. ओ. नांवाची जी संवेदनक्षमता असते ती चारशेंची सोळाशें करावी लागते. असें केल्यानें चित्र थोडें रवाळ होतें. पण आमचा विद्यार्थी म्हणाला तें आम्हांस पटलें कीं, रवाळ चित्राला लोक क्षमा करतात, हाललेल्याला करीत नाहींत. बंदिस्त क्रीडागृहांत आणखी एक घोटाळा होतो. आपल्याकडील वीज सेकंदास पन्नास आवर्तनांची असल्यामुळें पुष्कळसे दिवे सेकंदास शंभर वेळां तेजाळतात व मंदावतात. डोळ्याला तें कळत नाहीं, पण हजाराव्या भागाच्या झडपेला तें नेमकें कळतें, आणि लागोपाठच्या दोन चित्रांत एक उजळ तर दुसरें काळवंडलेलें निघतें. तेव्हां अशा जागीं आपल्या मुलाचा हात बिघडला असें समजूं नये. पुष्कळ नव्या कॅमेऱ्यांत हा दोष टाळण्याची सोय असते, ती शोधून पाहावी.

पुसटपणा अशा रीतीनें आटोक्यांत आला. पण उशीर हा त्याहून मोठा दोष होता, आणि त्याला कोणतीही कळ दाबून इलाज नव्हता. डोळ्यानें पाहिलें आणि बोटानें दाबलें, यांत माणसाचा सुमारें एक पंचमांश सेकंद जातो. तेवढ्यांत आपली खेळाडू सव्वा मीटरभर पुढें गेलेली असते. म्हणजे 'आतां!' असें मनांत येऊन जो कळ दाबतो, तो नेहमींच मागल्या क्षणाचें श्राद्ध घालीत बसतो. यावर कोणी म्हणेल, आजचे कॅमेरे सेकंदास दहा, वीस चित्रें आपोआप काढतात, मग चिंता कसली? आम्हांसही तसेंच वाटलें होतें. परंतु हिशेब करून पाहावा. सेकंदास दहा चित्रें, आणि प्रत्येक चित्र सेकंदाच्या हजाराव्या भागाचें. म्हणजे त्या एका सेकंदाचा शंभरावा भागच काय तो कॅमेऱ्यानें पाहिला, बाकीचे नव्याण्णव भाग निसटले. दोन चित्रांच्या मधल्या काळांत खेळाडू साठ सेंटिमीटर पुढें जाते, आणि गडी बाद होतो तो एका बोटाच्या अंतरानें! या सोयीचा उपयोग नाहीं असें नाहीं. पण कळ केव्हां दाबावयास आरंभ करावा, हें माणसालाच ठरवावें लागतें.

आणि तें ठरतें खेळाच्या ज्ञानानें. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि पुरुष व महिला या दोन्ही गटांत भारताचे संघ अजिंक्य ठरले, तेव्हांपासून ज्यांनीं हा खेळ शाळा सुटल्यावर कधीं पाहिला नव्हता तेही त्याविषयीं बोलूं लागले आहेत. तेव्हां नियमांची थोडी उजळणी करण्यास हरकत नाहीं. आपल्या शाळांतून खेळल्या जाणाऱ्या खेळांत आठ खेळाडू मधल्या पट्टींत बसतात आणि त्यांचीं तोंडें एकाआड एक विरुद्ध दिशांना असतात. ज्याला खो मिळेल त्यानें ज्या बाजूला तोंड असेल त्याच बाजूला धांवावयाचें. मधली पट्टी त्याला ओलांडतां येत नाहीं, आणि दिशा धरली कीं उलट फिरतां येत नाहीं. पळणाऱ्याला मात्र ही बंधनें नाहींत. खांबापाशीं वळसा घालून पाठलाग करणाऱ्यालाही बाजू बदलतां येते, आणि म्हणूनच मोठे सूर बहुधा खांबापाशीं मारले जातात.

छायाचित्रकाराला यांतून किती कळतें पाहा! आठांपैकीं चार जणांचीं तोंडें आपल्याकडे आहेत. तेव्हां आपल्या बाजूला उठणार ते त्या चौघांपैकींच. पळणारी खांबाकडे सरकूं लागली आणि पाठलाग करणारीनें शरीर खालीं झुकविलें कीं, सूर येणार. तो दिसण्यापूर्वीं बोट कळीवर असलें पाहिजे. नातीला आम्हीं विचारलें, "सूर मारणार हें तुला स्वतःला केव्हां कळतें?" ती म्हणाली, "दोन पावलें आधीं. मी श्वास घेतें." त्या दिवसापासून आम्ही हात पाहण्याचें सोडून खांदे पाहूं लागलों. कोणत्याही पुस्तकांत आम्हांस हें मिळालें नसतें. खेळांचे फोटो काढणाऱ्या मुलानें खेळाडूंशीं बोलावें, आणि शक्य तर तो खेळ चार दिवस वाईट रीतीनें कां होईना, पण स्वतः खेळावा.

जागेचें महत्त्वही तितकेंच. २५ मे १९६५ रोजीं अमेरिकेंतील लुइस्टन या गांवीं मुहम्मद अली आणि सॉनी लिस्टन यांची मुष्टियुद्धाची लढत झाली. पहिल्याच फेरींत लिस्टन पडला, आणि त्याच्यावर ओणवून गर्जना करणाऱ्या अलीचें जें चित्र जगभर प्रसिद्ध झालें, तें नील लायफर या बावीस वर्षांच्या तरुणानें काढिलें. त्या चित्रांत अलीच्या दोन पायांच्या मधून पलीकडे बसलेला एक छायाचित्रकार दिसतो. ते हर्ब शार्फमन, त्याच साप्ताहिकाचे वडीलधारे आणि कसलेले सहकारी. त्यांच्या हातींही कॅमेरा होता. पण त्यांच्या वांट्याला अलीची पाठ आली. त्या दिवशींची बाजू ही दैवाची गोष्ट खरी; पण दैवानें बाजू दिल्यावर तरुणानें क्षण चुकविला नाहीं, हें त्याचें स्वतःचें कर्तृत्व. पाठ दिसल्याबद्दल आम्ही स्वतःला दोष देत असूं, तेव्हां हें चित्र आठवून आम्हांस धीर येतो.

आम्ही पूर्वीं सामन्यांत मैदानाभोंवतीं घिरट्या घालीत असूं, आणि जेथें कांहीं घडे तेथें धापा टाकीत पोहोंचेपर्यंत तें दुसरीकडे घडूं लागे. आतां पंचांना विचारून एका खांबाच्या पलीकडे, रेषेबाहेर चार-पांच पावलांवर, खांब चेहऱ्याआड येणार नाहीं इतके तिरके बसतों, आणि उठत नाहीं. ऊन पाठीशीं किंवा बाजूला घेतों. चटईवर मांडी घालून बसल्यामुळें कॅमेरा खालीं येतो. मग खेळाडूच्या मागें बाजूला ठेवलेल्या चपलांचा ढीग दिसण्याऐवजीं झाडें आणि आकाश दिसतें, आणि सूर उंच भासतो. दुसऱ्या खांबापाशीं पुष्कळ घडतें, तें आमचें नव्हे असें समजून सोडून देतों. हें सोडून देणें शिकावयाला आम्हांस एक अख्खा हंगाम लागला.

सोडण्याचा विषय निघालाच आहे, तर संस्कृताच्या जुन्या शिक्षकाला थोडी मोकळीक द्यावी. 'अभ्यास' हा शब्द आपण पाठांतर, घोकंपट्टी अशा अर्थीं वापरून झिजवून टाकला आहे. त्याची फोड 'अभि' आणि 'अस्' अशी आहे, आणि हा 'अस्' म्हणजे असणें नव्हे, तर फेंकणें. लक्ष्याकडे पुन्हा पुन्हा बाण टाकणें हा अभ्यास. यांत दोन गोष्टी आल्या: पुन्हा पुन्हा टाकणें, आणि लक्ष्याकडे टाकणें. लक्ष्य न ठेवतां हजार बाण सोडले तर भाता रिकामा होतो, एवढेंच! दोन वर्षें शेंकडों फोटो काढूनही फरक पडत नाहीं, याचें कारण बहुधा येथेंच सांपडेल.

म्हणून आम्हीं एक वही घातली. डाव्या पानावर दिनांक, उजेड कसा, शटर किती, बसलों कोठें. उजव्या पानावर त्या दिवसाचा एकच दोष. दहा नव्हे, एकच. पुढच्या खेपेस त्या एका दोषावरच लक्ष. सामने रोज नसतात. तेव्हां आठवड्यांतून दोन संध्याकाळीं आम्ही कोपऱ्यावरच्या वळणापाशीं उभे राहून शाळेंतून परतणाऱ्या मुलांच्या सायकली टिपतों. शटर मुद्दाम सेकंदाच्या तिसाव्या भागावर ठेवावयाचें आणि सायकलीबरोबर कॅमेरा एकसारखा फिरवावयाचा. साधलें तर मुलगा स्पष्ट आणि मागची भिंत रेघांरेघांची होऊन वेग डोळ्यांना दिसतो. पहिल्या दिवशीं तीसांत एकही साधलें नाहीं. दोन महिन्यांनीं तीसांत पांच साधूं लागलीं. या साधनेला महाग भिंग लागत नाहीं. साध्या कॅमेऱ्यानेंही ती होते, आणि अंगणांत दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या घरच्या मुलांवरही करतां येते.

आपल्या शास्त्रकारांनीं अभ्यासाच्या जोडीला वैराग्य सांगितलें आहे. आमच्या या छंदांत वैराग्य म्हणजे चित्रें पुसून टाकणें. चारशें काढून चारशें दाखविणें हा पाहणाऱ्यांवर अन्याय आहे. त्यांना 'छान' म्हणून सुटण्यावांचून दुसरा मार्गच उरत नाहीं. आतां आम्ही दहांहून अधिक चित्रें कोणास दाखवीत नाहीं. कोणतीं दहा, हें ठरवितांना जें मन घट्ट करावें लागतें, त्यांतच अर्धें शिक्षण होऊन जातें.

संक्रांतीच्या त्या भेटींतली एक गोष्ट मुद्दाम मागें ठेविली होती, ती आतां सांगतों. निघतांना आमचा विद्यार्थी अंमळ घुटमळला आणि म्हणाला, "सर, राग मानूं नका. नववींत असतांना माझ्या एका निबंधावर आपण तांबड्या शाईनें 'निष्काळजी' एवढेंच लिहिलें होतें. मी तो तीन रात्री जागून लिहिला होता. निष्काळजी कशांत, हें मला कळलें नाहीं, आणि विचारण्याचा धीर झाला नाहीं. पुढें निबंधाचा प्रश्न मी पर्यायांत सोडून देऊं लागलों. म्हणून आतां नवीं मुलें माझ्याकडे शिकावयास येतात, त्यांना मी एका शब्दांत कधीं कांहीं सांगत नाहीं." तो हंसत बोलला, आमच्या पायां पडला आणि गेला. आम्हांस मात्र त्या रात्रीं झोंप आली नाहीं. तो निबंध आठवेना. तो शब्द चांगला आठवत होता, कारण तो आम्हीं हजारों वह्यांवर लिहिला आहे. साठ वह्या एका रात्रींत तपासावयाच्या म्हटल्यावर एक शब्द सोयीचा पडतो, हें खरें. पण आमची सोय कितीजणांना केवढ्यास पडली असेल, याचा हिशेब आतां कोठें मिळणार?

'छान' आणि 'निष्काळजी' हे दोन शब्द वरवर पाहतां एकमेकांच्या विरुद्ध आहेत. शिकणाऱ्याच्या दृष्टीनें ते सख्खे भाऊ आहेत. एकानें तो फुगतो, दुसऱ्यानें खचतो. पुढें काय करावें हें दोहोंतूनही कळत नाहीं. 'समीक्षा' या शब्दांत 'ईक्ष्' म्हणजे पाहणें हा धातु आहे. समीक्षा म्हणजे नीट पाहणें. दोष काढणें हा तिचा अर्थ नव्हे, आणि स्तुति हाही नव्हे. नातीनें जें केलें तें खरें समीक्षण होतें. तिनें पाहिलें, आणि जें तेथें नव्हतें त्याचें नांव घेतलें.

गेल्या हिवाळ्यांतील स्पर्धेचें एक चित्र आमच्या टेबलावर आहे. नात खांबावरून सूर मारून आडवी झाली आहे, हात पूर्ण ताणलेला आहे, आणि तिचीं बोटें व पळणाऱ्या मुलीची टांच यांच्यामध्यें दोन बोटांचें अंतर आहे. गडी निसटला, आणि तो सामना आमच्या शाळेनें एका गुणानें गमावला. हें चित्र दाखवावें कीं न दाखवावें, अशा विचारांत आम्ही दोन दिवस होतों. तिसऱ्या दिवशीं दाखविलें. तिनें तें पुष्कळ वेळ पाहिलें, डोळे पुसले, आणि म्हणाली, "आजोबा, माझा मागचा पाय पाहा. मीं एक पाऊल आधींच उडी मारली." दुसऱ्या दिवशीं ती तें चित्र आपल्या शिक्षिकांना दाखवावयास घेऊन गेली. आमच्या विद्यार्थ्याकडे पाठविलें, तेव्हां त्यानें लिहिलें कीं, क्षण अचूक आहे. पण क्षितिज डावीकडे कललें आहे, आणि कोपऱ्यांत पंचांचा बूट आला आहे. वहीच्या उजव्या पानावर आम्हीं 'क्षितिज' असें लिहून ठेविलें.

एक पथ्य मात्र सांगितलें पाहिजे. मैदानावरचीं मुलें दुसऱ्यांचीं असतात. त्यांचीं चित्रें काढण्यापूर्वीं शाळेची, आणि कोणास देण्यापूर्वीं पालकांची संमति घ्यावी. पडतांना कोणाचे कपडे विस्कटले असतील, कोणी रडत असेल, तीं चित्रें त्याच क्षणीं पुसावींत. मल्लखांबासारख्या कसरतींच्या वेळीं दिवा चमकवूं नये. खेळाडूचा डोळा क्षणभर दिपला तर हातपाय मोडण्याचा प्रसंग. आपल्या छंदापेक्षां त्यांचा खेळ मोठा, हें विसरूं नये.

आतां त्या भगिनीस उत्तर. बाई, आपल्या मुलानें छंद सोडूं नये. 'फरक नाहीं' हें ज्याला स्वतःला दिसलें, त्याची दृष्टि दोन वर्षांत सुधारली आहे. हात तिच्या मागून येत असतो. त्याला सांगा कीं, एक खेळ धर, एक जागा धर आणि एका वेळीं एक दोष धर. आणि घरांतील मंडळींस आमची विनंति अशी कीं, रविवारीं दुपारीं त्यानें निवडलेलीं दहा चित्रें घेऊन त्याच्याजवळ बसावें. कॅमेऱ्यांतलें कांहीं कळत नसलें तरी चालेल. आमच्या वहिनींना तरी कोठें कळतें? पण परवां त्यांनीं एका चित्राकडे बोट दाखवून विचारलें, "ही मुलगी कोणाला हांक मारते आहे? ती कां दिसत नाहीं?" चार वर्षांत त्यांनीं 'छान' खेरीज काढलेला हा पहिलाच उद्गार. तो आम्हीं वहींत उतरवून घेतला आहे.